शेजाऱ्याचा बंद वार

मुंबईच्या बाजारात, लोकलच्या डब्यात, हिंदी सिनेमात एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे : ‘अलिबाग से आया है क्या?’ म्हणजे, इतका कसा रे भोळा तू, जगाची काही खबरबात आहे की नाही? 2019 साली अलिबागच्या एका रहिवाशाने या वाक्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली. अलिबागकरांचा यात अपमान होतो, तेव्हा हे बंद करा, अशी मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता.

अपमान आहे की नाही ते सोडा. मला त्यातली विसंगती जास्त मजेची वाटते. बाहेरच्या माणसाशी कसं वागावं हे ज्याला उमगत नाही, तो म्हणे अलिबागचा. आणि या गावाच्या नावाची कथा काय सांगतात? अली नावाचा एक सधन बेने इस्राएल इथे राहायचा. त्याने विहिरी खणल्या, नारळाच्या वाड्या उठवल्या. ती ‘अलीची बाग’, म्हणून अलिबाग. कथा खरी-खोटी कशीही असो, मराठी बोलणाऱ्या एका ज्यू माणसाच्या वाडीवरून आपल्या गावाला नाव पडलं असं गावच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या या किनाऱ्यावर कोळी, आगरी, भंडारी, चित्पावन, कोकणी मुसलमान, सिद्दी, बेने इस्राएल, कोर्लईचे ख्रिस्ती आणि डोंगराच्या अंगाला कातकरी, ठाकर राहत आले. बाहेरच्या माणसाची सवय या किनाऱ्याइतकी फार थोड्या मुलखांना असेल.

मी स्वतः इथे बाहेरूनच आले. घाटावरून, लग्न होऊन. पहिल्याच वर्षी मी एक चूक केली. शेजारच्या आळीत एक बेने इस्राएल आजी राहायच्या. येता-जाता विचारपूस करायच्या, सोलकढी मला त्यांनीच शिकवली. एकदा बाजारात कोलंबी चांगली मिळाली, कालवण मनासारखं झालं, म्हणून डबा भरून त्यांच्याकडे नेला. आजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, ‘वास काय सुरेख येतोय गं’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन-पुसून परत आला. रिकामा नव्हे, नारळाच्या वड्या घालून. मी खूश.

दोन दिवसांनी नेहमीच्या कोळणीने पाटीपाशी बसल्या-बसल्या मला फैलावर घेतलं. ‘म्हातारीला कोलंबी दिलीस? त्यांना खवल्याचंच म्हावरं चालतं.’ मी विचारलं, ‘का बरं?’ तिने माझ्याकडे पाहिलं, जणू समुद्र खारट का असं मी विचारलं होतं. ‘मना काय म्हाईत? नाय खात म्हंजे नाय खात.’

या उत्तरात सगळा किनारा बोलतो आहे हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

शनिवार तेली, सोमवार तेली

बेने इस्राएलांची लोकस्मृती सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बरोबरची पोथी-पुस्तकं समुद्राने गिळली. वाचलेली माणसं आसपासच्या गावांत पसरली आणि बहुतेकांनी तेलाच्या घाण्याचा धंदा धरला. गावावरून आडनावं पडली : किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. भाषा मराठी, पेहराव मराठी, जेवणात वालाचं बिरडं. फरक जाणवायचा तो आठवड्यातून एकदा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे.

गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. दुसरे तेली शंकराच्या वारी बैल जुंपत नसत, ते ‘सोमवार तेली’. या दोन शब्दांकडे नीट पाहा. गावाला शब्बाथ ठाऊक नव्हता. सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी देव विसावला, ही कथा कुणी ऐकलेली नव्हती. गावाने एवढंच टिपून ठेवलं की या माणसाकडे शनिवारी तेल मागायला जायचं नाही. धर्म कळला नाही, पण बंद वार कळला आणि त्यावर शेकडो वर्षं व्यवहार सुरळीत चालला.

उलट बाजूनेही तेच झालं. बेने इस्राएलांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली, तीही शेजाऱ्याला दिसेल अशा खुणेवरून. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचं सुतक पाळायचा दिवस, त्या दिवशी सामिष वर्ज्य आणि वालाचं बिरडं करायचं, म्हणून ‘बिरड्याचा सण’. योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा वर्षातला सगळ्यांत पवित्र उपास, त्याचं नाव ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी पांढरे कपडे घालून दार लावून घरात राहायचं, कुणाशी संपर्क ठेवायचा नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 च्या सुमारास लिहून पूर्ण केलेल्या ग्रंथात हे सगळं नोंदलेलं आहे. तो ग्रंथ छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये.

‘दारफाळणी’ हा शब्द मला या किनाऱ्याच्या संवादशास्त्राचा पहिला धडा वाटतो. दार आज का बंद आहे हे शेजाऱ्याने समजून घ्यावं अशी अट त्यात नाही. आज दार वाजवायचं नाही आणि उद्या ते उघडणार आहे, एवढं समजलं की पुरे.

यात देवाणघेवाणही मुबलक झाली. एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने बेने इस्राएल पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळांचा ‘मलिदा’ करतात. पदार्थाचं नाव दर्ग्यांवरच्या नैवेद्यातलं, पोहे-खोबरं कोकणातलं, नबी हिब्रू ग्रंथातला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर या नबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणतात त्या जागेला. सिनेगॉगला जुनी मंडळी ‘मशीद’ म्हणत. देवाच्या घराला शेजाऱ्यांत चालू असलेला शब्द त्यांनी उचलला, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

ईस्टर हरवलेला माणूस

बंद वाराची किंमत ज्याने तो गमावला त्याला विचारावी. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन 1469 च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामाच्या तीसेक वर्षं आधी. त्याच्या टिपणांत आहे की तो जाईल तिथे गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागून येत. इथल्या बायका डोकं उघडं ठेवून वावरतात याचं त्याला नवल वाटलं. पाहणारे त्याला पाहत होते, तो त्यांना पाहत होता.

पण त्याचं खरं दुःख वेगळं होतं. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली होती. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, याचा हिशेबच त्याला लागेना. शेवटी तो अवतीभवतीच्या मुसलमानांबरोबर उपास करू लागला, स्वतःला ‘खोजा युसुफ खोरासानी’ म्हणवू लागला आणि टिपणं लिहिता लिहिता मध्येच रशियन सोडून तुर्की-फारसी-अरबीच्या सरमिसळीत देवाची आळवणी करू लागला. भाषा त्याने उसनी मिळवली, नावही उसनं मिळवलं. वार मात्र उसना मिळेना. परक्या मुलखात माणूस सगळ्यांत आधी एकटा पडतो तो पंचांगात. रेवदंड्याला आज निकितिनचं स्मारक आहे. शेजारून फिरायला जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

त्याच्याही साडेपाचशे वर्षं आधी, इ. स. 916 च्या सुमारास, बगदादचा प्रवासी अल मसूदी चौलला येऊन गेला होता. अरब या बंदराला ‘सैमूर’ म्हणत. राष्ट्रकूटांच्या राज्यातल्या या गावात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले असे सुमारे 10,000 मुसलमान राहतात, असं त्याने लिहिलं. इथे जन्मलेल्यांना वेगळा शब्द होता, ‘बयासिरा’. राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत आणि त्यांचे आपसातले तंटे तो त्यांच्या रीतीने सोडवी. राजाला त्यांचा कायदा शिकावा लागला नाही. तो जाणणारा माणूस कोण, हे मात्र राजाला ठाऊक होतं.

लिलाव आणि लिंग

बंदरावर बोट लागली की पहाटे जो गलका उठतो त्यातले शब्द वेचून पाहा. बोटीचा धनी ‘नाखवा’ : फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा मालक. हातात ‘सुकाणू’ : अरबी ‘सुक्कान’. समोर ‘दर्या’, लागायचं ते ‘बंदर’ : दोन्ही फारसी. मासळी उतरली की सुरू होतो ‘लिलाव’ : पोर्तुगीज ‘लेलांव’. लिलावात मिळालेल्या पैशातून द्यायचा ‘पगार’, तोही पोर्तुगीज. मुरुडसमोरच्या किल्ल्याचं नाव ‘जंजिरा’, म्हणजे अरबी ‘जझीरा’, बेट. हबशी वंशाच्या सिद्दींचं राज्य तिथे 1948 पर्यंत होतं. एका कोळणीच्या सकाळच्या चार वाक्यांत अरबस्तान, इराण आणि लिस्बन असतं आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. असण्याची गरजही नाही. घेतलेला शब्द वापरून गुळगुळीत झाला की तो आपला.

पण शब्द घेणं सोपं. शेजाऱ्याच्या बोलण्याची घडणच आपल्या भाषेत उतरणं याला वेगळी जवळीक लागते. ती पाहायची तर रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला जावं. कुंडलिकेच्या मुखाशी डोंगरावर पोर्तुगीज किल्ला, पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौलला बस्तान बसवलं आणि 1740 मध्ये ते मराठ्यांच्या स्वाधीन करून निघून गेले. शिपाई गेले, पाद्री येत-जात राहिले, आणि शिपाई व स्थानिक बायका यांच्या संसारांतून घडलेली एक बोली मागे राहिली. हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात. ते तिला ‘नोउ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. ‘लिंग’ हे पोर्तुगीज ‘लिंग्वा’, जीभ किंवा भाषा.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून दोन गोष्टी दिसतात. शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज राहिला, पण वाक्याची चाल मराठी झाली. पोर्तुगीजात क्रियापद मध्ये येतं, इथे ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसलं. दुसरी गोष्ट आणखी सुरस आहे. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग असतात, अ-कारान्त, ए-कारान्त, इ-कारान्त. कोर्लईकरांनी चौथा वर्ग काढला, उ-कारान्त, आणि त्यात मराठीतून आलेली क्रियापदं ठेवली. घराला पडवी काढावी, पाहुण्यांची कायमची सोय करावी, तसं. आलेला पाहुणा आपल्यात घेतला, पण तो पाहुणा आहे हे व्याकरणाने आजवर लक्षात ठेवलं आहे.

आणि योगायोग बघा. ‘लिंग’ हे नाव मिरवणाऱ्या या बोलीत क्रियापदाला मात्र लिंगभेद नाही.

मी हे लिहिते आहे

या वरच्या चार शब्दांतच मी बाई आहे हे तुम्हाला कळलं. प्रमाण मराठीत ‘मी’ म्हणून पुढे गेलं की बहुतेकदा स्त्री की पुरुष ते सांगावंच लागतं, लपवायची फारशी सोय नाही. जातो की जाते? कोर्लईच्या बोलीला हा प्रश्न पडत नाही, इंग्रजीलाही नाही. हिब्रूला पडतो. इस्रायलला गेलेल्या मराठी ज्यूंना त्या नव्या भाषेत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ वेगळं शिकताना अवघड वाटलं नसेल, ती सवय घरचीच. मात्र रोजच्या हिब्रूत आदरार्थी अनेकवचन नाही. तिथे सासऱ्याला आणि शेंबड्या पोराला सर्वनाम एकच.

आदराचा हा हिशेब मराठी घरात बाई-पुरुषांसाठी सारखा कधीच नव्हता. वडील ‘आले’, आई ‘आली’. नवऱ्याला ‘अहो’, बायकोला ‘अगं’. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि घ्यायचंच तर उखाण्याच्या आडून, चारचौघांनी आग्रह केल्यावर. भाषेनेच बाईला एक बंद दार दिलं आणि तिने त्यात यमकाची खिडकी पाडली.

किनाऱ्यावर आले तेव्हा इथलं गणित मला निराळं दिसलं. आगरी घरांत आजी-आजोबांनाही सरळ ‘तू’ म्हणताना ऐकलं आणि मी चपापले. घाटावर असं बोललं तर पाठीत धपाटा. इथे त्या ‘तू’मध्ये उद्धटपणाचा लवलेश नाही. आदर शब्दात नसतो, आधी कुणाला वाढलं यात असतो. माझ्या माहेरकडच्या मुलींचीही अशीच फसगत होते. कोल्हापूर-सांगलीकडची मुलगी सहज ‘मी येतो’ म्हणते आणि पुण्या-मुंबईत लोक चमकून पाहतात.

अमेरिकेत डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1990 मध्ये ‘यू जस्ट डोन्ट अंडरस्टँड’ हे पुस्तक लिहून गाजवलं. त्यांचं म्हणणं असं की बायका आणि पुरुष यांचं बोलणं हे जणू दोन संस्कृतींमधलं बोलणं असतं. पुरुष चारचौघांत माहिती आणि मान यासाठी बोलतो, घरी आला की गप्प. बाई नातं जोडून ठेवण्यासाठी बोलते, घरी मोकळी, सभेत गप्प.

टॅननबाईंनी कोळीवाड्यातली एक सकाळ पाहायला हवी होती. पुरुष रात्रभर दर्यात, इंजिनाच्या आवाजात, हाताच्या खुणांवर काम करून आलेला, त्याला बोलायची सवयच कमी. बंदरावर मासळी टेकली की तिच्यावर राज्य बाईचं. लिलावात बोली लावायची, पाटी डोक्यावर घ्यायची, बाजारात वाटे लावायचे, पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी घ्यायची, घासाघीस करायची, उधारी लक्षात ठेवायची. चारचौघांतला चढा आवाज इथे बाईचा. बोलण्याची तऱ्हा जन्माबरोबर येत नाही, कामाबरोबर येते. ज्याच्या हातात पाटी त्याच्या तोंडात जीभ.

आणि ती जीभ प्रत्येकाशी निराळी चालते. माझी कोळीण मला ‘ताय’ म्हणते, मास्तरांना ‘गुरुजी’, पर्यटकाला ‘भैया’. मोहल्ल्यातल्या बायकांसाठी ईदच्या आदल्या दिवशी सुरमई बाजूला काढून ठेवते. सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला कोण येणार नाही हे तिला पाठ. श्रावणात कुठल्या घरी हाक मारायची नाही आणि कुठल्या घरी मागच्या दाराने जायचं, तेही पाठ! तिच्या डोक्यात सबंध गावाचं बंद वारांचं पंचांग आहे.

कुणी लावलेलं दार?

इथवर वाचून किनाऱ्याचं चित्र गोड वाटेल. ते तसं नव्हतं. आपलं दार आपण लावणं वेगळं आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवणं वेगळं. शनिवार तेल्याने आपला वार स्वतः पाळला. महार माणसाला मात्र ‘जोहार’ वरच्या जातींनी लावून दिला. तो त्याने घालायचा, पुढच्याने तो परत करायचा नाही. नमस्काराला प्रतिनमस्कार नसेल तर तो संवाद नाही, ती हजेरी आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून या सगळ्या व्यवस्थेला प्रश्न विचारले.

किनाऱ्यापासून सावित्री नदीने आत गेलं की महाड. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा आले. 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या बायकांशी वेगळं बोलणं केलं. अस्पृश्य बाईने लुगडं कसं नेसावं, दागिने कसे घालावे हेही जातीने ठरवून दिलेलं होतं, लांबूनच ओळख पटावी म्हणून. बाबासाहेबांनी सांगितलं की ही ओळख अंगावरून काढून टाका, सवर्ण बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा. बायकांनी ते मनावर घेतलं आणि तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली. नेसणं हीसुद्धा भाषाच, आणि त्यांनी एका दिवसात तिचं व्याकरण बदललं. पुढे ‘जोहार’ गेला, ‘जयभीम’ आला. तो घालणारा आणि घेणारा दोघेही तोच शब्द उच्चारतात.

बेने इस्राएलांमध्येही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. काळ्यांशी रोटी-बेटी नाही, त्यांनी गोऱ्यांच्या भांड्यांना हात लावायचा नाही. बाहेरून आलेल्या समाजाने शेजाऱ्याचं बिरडं घेतलं तशी जातही घेतली. आणि इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी याच लोकांच्या ज्यूपणावर शंका काढली. विवाह नोंदवताना वंशाची चौकशी होऊ लागली. आंदोलनं झाली, तेव्हा कुठे 1964 साली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं सरकारला जाहीर करावं लागलं. गावाने वार पाहून ज्यांना ओळखलं होतं, त्यांना पितृभूमीने कागद मागितला.

म्हणजे ‘नाय खात म्हंजे नाय खात’ हा नियम सोबत राहायला पुरतो, बरोबरीने राहायला पुरत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न विचारावा लागतो : हे दार तू लावलंस, की तुझ्यावर कुणी लावलं?

आज किनाऱ्यावर पुन्हा नवी माणसं आहेत. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाड्यांसकट माणसं आणते. बोटींवर परप्रांतांतले, नेपाळातले खलाशी असतात. रिसॉर्टांत मालक एका भाषेचा, आचारी दुसऱ्या, पाहुणा तिसऱ्या. सगळ्यांना सांधणारी कामचलाऊ हिंदी आहे, पण शब्द कळले म्हणून अर्थ कळत नाही. परवा एका दुकानदाराने दिवेलागणीनंतर आलेल्या पाहुण्याला सांगितलं, ‘दुकान वाढवलं.’ पाहुण्याला थोडं मराठी येत होतं, त्याने अभिनंदन केलं! बंद म्हणणं अशुभ, म्हणून आपण दुकान वाढवतो, बांगडी वाढवतो, निघताना ‘येते’ म्हणतो. दार लावतानाही ते उघडणार असल्याचं सांगायची ही आपली रीत. ती पुस्तकातून कळत नाही, कुणीतरी ती हसून सांगावी लागते.

खवल्याचं म्हावरं

कोळणीने कान उपटल्यावर मी आजींकडे गेले. ‘मला सांगायचं नाही का?’ म्हटलं. त्यांनी मला बसवलं आणि त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट सांगितली.

कोचीनकडून दावीद राहबी नावाचा एक विद्वान ज्यू इथे आला. शनिवारी काम न करणारे तेली आहेत असं त्याने ऐकलं होतं. पण हे खरंच आपले का? त्यांच्याकडे ग्रंथ नाही. हिब्रू येत नाही, ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडी उरलेली. प्रश्न विचारावे तर कुठल्या भाषेत? त्याने बाजारातून नाना तऱ्हेची मासळी आणवली आणि घरातल्या बायकांना रांधायला दिली. बायकांनी ती विळीपाशी घेतली आणि न बोलता दोन वाटे केले. खवले-पंखांची एकीकडे, बिनखवल्याची दुसरीकडे, ती टाकून द्यायला. ज्यूंच्या ग्रंथात नेमका हाच नियम आहे. राहबीला उत्तर मिळालं.

पुरुषांच्या हातून पोथी समुद्रात गेली होती. बायकांनी ती ताटात जपली होती. एका समाजाची ओळख पटली ती सभेत नाही, स्वयंपाकघरात, एकही शब्द न बोलता.

‘मग माझ्या कालवणाचं काय केलंत?’ मी ओशाळून विचारलं.

‘कामवालीला दिलं. तिला फार आवडलं.’ त्या हसल्या. ‘तू प्रेमाने आणलंस, दारातून कसं परत करू?’

पुढच्या वेळी मी रावस नेला. खवले काढण्याआधी कोळणीने तो मला नीट दाखवून घेतला होता. आजींनी झाकण उघडून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, ‘तुला एक विचारू? लग्न होऊन आलीस त्याला वर्ष झालं. गुरुवारी मी तुझ्याकडे कधी मासळीचं काही पाठवलं नाही, आलं का तुझ्या लक्षात?’

नव्हतं आलं.